कडा न कापलेली वही

माझा धाकटा भाऊ एकोणसाठ वर्षांचा आहे. तरी मी त्याला धाकटाच म्हणते. तो जन्मला तेव्हा मी पाच वर्षं आधीपासून या जगाचा अंदाज घेत होते, आणि तो अंदाज त्याला अजून आलेला नाही. आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना आपला पाटीवर; आत एक कटिंग मशीन, दोन दाबाचे प्रेस, शिवणाची लाकडी चौकट, खळीचं पातेलं, शिवणकाम करणाऱ्या तीन बायका आणि आम्ही दोघं भावंडं. बांधतो तो, मोजते मी.

मोजणं म्हणजे काय, ते सांगते. छापून आलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक रचले की झालं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापणाऱ्याने एक काळी खूण केलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. सगळे फर्मे आपापल्या जागी असले की पाठीवर काळ्या खुणांचा जिना उतरत जाताना दिसतो. पायरी गाळलेली दिसली की फर्मा हरवला, पायरी दुहेरी दिसली की फर्मा दोनदा पडला. पुस्तक उघडावं लागत नाही. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे माणसंही मी शक्यतो उघडत नाही, पाठीवरूनच मोजते.

धाकट्याच्या जिन्यात मला जादा पायरी दिसली ती दुपारी दोन वाजता. ज्या माणसाने आयुष्यात घड्याळ बघून काम थांबवलं नाही, तो रोज दोनच्या ठोक्याला हात पुसून मागच्या खोलीत जायला लागला. जाताना पाण्याचा पेला न्यायचा आणि येताना गुणगुणत यायचा. गुणगुणणारा धाकटा म्हणजे काहीतरी दडवणारा धाकटा. लहानपणी त्याने फोडलेल्या आरशापासूनचा हा माझा अनुभव आहे. नऊ दिवस मी मोजले. दहाव्या दिवशी त्याच्यामागे गेले आणि विचारलं, गोळी कसली घेतोस.

जीवनसत्त्वाची, म्हणाला. मी म्हटलं, जीवनसत्त्व घ्यायला दाराला कडी लावावी लागत नाही.

त्याने पेला खाली ठेवला. "ताई, मला एचआयव्ही आहे. मागे नागीण झाली होती ना, तेव्हा तपासलं. औषध चालू आहे. मी बरा आहे."

मी बाहेर आले आणि समोरचा गठ्ठा मोजला. बावीस फर्मे. परत मोजला. बावीसच होते.

दुसऱ्यांचं सांगायचं तर आधी माझ्या नावावरचं सांगितलं पाहिजे. त्या संध्याकाळी मी त्याचा कप दोनदा विसळला. दुसऱ्या दिवशी तो कप फळीच्या टोकाला, बाकीच्यांपासून वीतभर लांब ठेवला. कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. केसभर तिरका गेलेला कापही ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्याच कारखान्यात मी ही हुशारी केली. धाकट्याने कप उचलला, पुन्हा ओळीत ठेवला, आणि म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. काय विचारायचं ते डॉक्टरीणबाईंना विचार. मला विचारलंस तर मला लागेल. त्यांना सवय आहे."

दवाखाना एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथली लिफ्ट तिसऱ्या मजल्याला बोटभर खाली थांबते. धाकटा बाहेर पडताना पाय उंच उचलून म्हणाला, एवढं मोठं यंत्र आणि एवढंसं माप चुकतं, लाज वाटली पाहिजे. तोवर मला वाटत होतं की हा बदलला असेल. त्या एका वाक्याने जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाईंना मी सतरा प्रश्न विचारले. कप, टॉवेल, शिंक, डास, एकत्र जेवण, नातीचा पापा. प्रत्येकाला त्यांनी न कंटाळता नाही म्हटलं, यातल्या कशानेही होत नाही. दाभण बोटात शिरला तर? तर कोणाच्याही बोटात शिरल्यावर करता तेच, म्हणाल्या. धुवा, पट्टी लावा, कामाला लागा. औषध रोज घेतलं की रक्तातलं विषाणूचं प्रमाण हळूहळू इतकं खाली जातं की तपासणीत सापडत नाही. ते तिथेच टिकून राहिलं, तर शरीरसंबंधातूनही पुढे कोणाला लागण होत नाही. मग त्यांनी धाकट्याकडे वळून विचारलं, ज्यांच्याशी तुमचा संबंध आला त्यांना कळवलंत का? त्यांनी तपासून घ्यायला हवं. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही मदत करू. घरच्यांना सांगायचं की नाही, हे मात्र सर्वस्वी तुमच्यावर.

"दोघी आहेत," धाकटा म्हणाला. "मी सांगतो."

मी खुर्चीतच बसले होते म्हणून बरं. धाकट्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत हा एकटा कसा राहतो, म्हणून मी किती उसासे टाकले त्याची गणती नाही. ते सगळे उसासे वाया गेलेले होते. एकीचा मला अंदाज होता: आमच्या समोरच चष्म्याचं दुकान चालवणारी बाई. तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. वर्षभरात याने तिच्याकडून चार चष्मे घेतले होते, आणि इतके डोळे तर कोणालाच नसतात. दुसरी मात्र अनपेक्षित. तीन वर्षांपूर्वीपर्यंत परगावच्या गिरणीकडून एक बाई कागदाचे नमुने दाखवायला यायची. हा नमुने इतके निरखून का बघायचा, हे मला आता कळलं.

आमच्या वडिलांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या पुस्तकाबद्दल काही वाईट सांगायचं असेल, वाळवी लागली, ओल आली, पान गहाळ आहे, तर निरोप धाडायचा नाही आणि चिठ्ठी पाठवायची नाही. पुस्तक घेऊन त्याच्या दारात जायचं, ते पान उघडायचं, आणि मग बोलायचं. हा नियम धाकट्याने कधी मोडला नाही. पण ही गोष्ट त्याची स्वतःची होती. तोंडाने बोलायची वेळ आली आणि त्याच्या हातांनी कामाला सुरुवात केली. त्याने तीन वह्या बांधल्या: एक चष्मेवालीला, एक कागदवालीला आणि एक मुलाला.

अशा वह्या मी उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत. सगळ्यात चांगला जाड कागद काढला. आधी दुमडून मग लिहावं तर नाही; पसरलेल्या कागदावर त्याने पानं लावून लिहिलं, छापखान्यात लावतात तशी, पहिल्याच्या डोक्याला डोकं लावून आठवं, शेजारी सोळावं. दुमडल्यावर सगळं सुतासारखं जागेवर. राखाडी पुठ्ठा, पिवळा दोरा. आणि कडा कापल्या नाहीत. वडिलांच्या काळी काही शौकीन लोक अशी पुस्तकं मागवत. पानं घडीला जोडलेलीच राहतात, वाचणाऱ्याने सुरी घेऊन एकेक घडी फोडत वाचायचं. धाकट्याचं म्हणणं, ही गोष्ट कोणी चाळू नये. एक घडी फोडावी, वाचावं, थांबावं, मग दुसरी.

पहिलं पान कोरं ठेवलं, कारण चांगल्या पुस्तकाचं पहिलं पान कोरं असतं. शेवटचंही तसंच. न कापता उघडते ती फक्त मधली जोडी, पण तिथे दोरा दिसतो आणि शाईने दोरा खराब होतो, म्हणून तिथेही काही लिहिलं नाही. पंधराव्या पानावर मुलासाठी लिहिलं होतं: उत्तर द्यायला हवं असं नाही. तुम्ही पूर्वीसारखेच वागलात, तर मी समजेन.

कागदवालीची वही टपालाने गेली. दहा दिवसांनी तिचं कार्ड आलं. तपासून घेतलं, ठीक आहे, तू कळवलंस हे फार बरं केलंस, तब्येतीला जप. खाली एक ओळ: कागद आमच्याच गिरणीचा आहे ना? धाकट्याने ते कार्ड पाकिटात ठेवलं.

चष्मेवालीला त्याने वही स्वतः नेऊन दिली, म्हणजे तिच्या काउंटरवर ठेवली आणि मागे न बघता रस्ता ओलांडून परत आला. दुपारी तीनला तिच्या दुकानाचं शटर खाली आलं. सोळा वर्षांत भर दुपारी ते कधी बंद झालं नव्हतं. मी समोरच बसते, मला माहीत आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा वही तिच्या हातात होती आणि सगळ्या कडा फोडलेल्या, त्याही वेड्यावाकड्या नव्हेत. काच घासणारे हात ते. शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या आणि कान वर केले. चारचौघांत ती धाकट्याला कायम अहो-जाहो करायची. त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "दोरा पांढरा नव्हता का तुझ्याकडे?"

मग खुर्ची ओढून बसली. रडली थोडी. चिडलीही. महिनाभर थांबलास, तो महिना माझाही होता, असं म्हणाली. सगळं बोलून झाल्यावर उठली आणि म्हणाली, चल, कुठे तपासतात ते दाखव. तिच्यात काही निघालं नाही. तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं होतं, तेव्हाही काही निघालं नाही. मधल्या काळात तिने त्याला एकही चष्मा विकला नाही. गरज उरली नव्हती.

राहिला मुलगा. मी त्याला चिरंजीव म्हणते. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून जातात. त्याची बायको टपालखात्यात काउंटरवर बसते. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी, आणि जागा नसेल तर वस्तूच नाही, अशी तिची शिस्त. चिंगी ही त्यांची मुलगी, सहा वर्षांची. दर रविवारी आम्ही बहीण-भाऊ त्यांच्याकडे जेवायला जातो.

वही दिली त्यानंतरच्या रविवारी धाकटा पायऱ्या चढताना तीनदा थांबला. सुनेने दार उघडलं आणि नेहमीसारखंच म्हणाली, बाबा, चपला आत काढा. चिरंजीव नेहमीसारखाच एका लिफ्टच्या मालकाला शिव्या घालत बसला होता. चिंगी नेहमीसारखी आजोबांच्या मांडीवर चढली, त्यांच्या कपातला उरलेला चहा तिने संपवला, आणि कोणी काही म्हटलं नाही. परतताना दोन चौक धाकटा भराभर चालला. मग म्हणाला, ताई, बघितलंस? शब्द नाही काढला. पूर्वीसारखेच.

त्यानंतर त्याची छाती जी फुगली ती फुगली. माझा मुलगा असा, माझी सून तशी. चष्मेवालीला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं. लोकांची घरं तुटतात म्हणे, आणि आमच्याकडे बघा, साधी भुवईसुद्धा वर गेली नाही. मला मात्र तीच भुवई खुपत होती. इतकी मोठी बातमी पोटात घालून सात रविवार सलग तोच चेहरा ठेवणं मला जमलं नसतं, आणि चिरंजीव तर माझ्यापेक्षा कच्चा. त्याला सर्दी झाली तरी ती आधी चेहऱ्यावर दिसते. जिना फारच सरळ उतरत होता.

सातव्या रविवारी चिंगीने मला टेबलाखाली बोलावलं. तिने तिथे दवाखाना मांडला होता आणि मी तिची रोगी होते. गुडघे सांभाळत मी खाली गेले. टेबलाचा एक पाय आखूड आहे हे मला ठाऊक होतं. त्याखाली काहीतरी घातलेलं होतं. राखाडी पुठ्ठा. पिवळा दोरा.

मी बोट लावून पाहिलं. सगळ्या कडा बंद. एकही घडी फोडलेली नाही.

चिंगीने मला श्वास आत घ्यायला सांगितलं. तो मी आधीच घेतला होता.

दोष द्यायचा तर कोणाला? धाकटा दर वाढदिवसाला सगळ्यांना हाताने बांधलेली कोरी वही देतो. त्या घरात अशा अकरा वह्या आहेत, सगळ्या कोऱ्या, कारण इतक्या देखण्या वहीत वाण्याची यादी लिहायला कोणाचा हात धजत नाही. ही बारावी आली. कोणीतरी मधून उघडली, कोरी दिसली, चिकटलेली पानं बघून म्हाताऱ्याची नजर आता कमी झाली असंही म्हटलं असेल. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट सरळ करणाऱ्या माझ्या भाच्याने घरचं टेबल तिच्यावर सरळ केलं. सात रविवार आम्ही त्याच टेबलावर जेवत होतो.

सोमवारी सकाळी मी धाकट्याला सांगितलं. मोजणाऱ्याने गाळलेला फर्मा दिसल्यावर गप्प बसायचं नसतं. त्याच्या हातात खळीचा ब्रश होता, तो त्याने पातेल्यात ठेवला. मग त्याने सात रविवार उलटे मोजले. चहाचा कप. चिंगीचे पापे. सुनेने एकदा त्याच्या ताटातली उरलेली भाजी आपल्या ताटात घेतली होती, तो प्रसंग तर त्याने डॉक्टरीणबाईंना दोनदा ऐकवला होता.

"म्हणजे त्यांनी काहीच केलेलं नाही," तो म्हणाला.

दुपारी चष्मेवाली आली तेव्हा त्याचा बेत ठरलेला होता. आहे ते चांगलं आहे की. त्यांना धोका नाही, मला त्रास नाही, पोर मांडीवर बसते. उगाच कशाला ढवळायचं? वही हळूच काढून आणू आणि तिथे एखादा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवू. पुठ्ठा काय, आपल्याकडे ढिगाने आहे.

ती म्हणाली, तुझी गोष्ट आहे, तू नाही सांगितलीस तरी कोणाला तुला जाब विचारायचा हक्क नाही. मी सुद्धा विचारणार नाही. मग चष्मा काढून पदराने पुसला. पुसून झाल्यावरही हातातच ठेवला.

"पण सात आठवडे तू ज्याच्यासाठी छाती काढून फिरतोयस, ते तुझ्या मुलाने अजून केलंय का?"

"करेल तो. मला माहीत आहे."

"मग करू दे की त्याला."

त्या आठवड्यात धाकट्याने दोन पुस्तकांना उलटे पुठ्ठे लावले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शिवणाऱ्या बायकांनी ते गुपचूप सोडवून पुन्हा नीट लावले आणि मी ते कुठे लिहून ठेवलं नाही.

रविवारी जेवण झालं, चहा झाला. चिंगीला शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला जायचं होतं, पण आजोबांच्या कपातला चहा संपवल्याशिवाय ती जाणार नव्हती. ती चहासाठी थांबून होती तेवढ्यात धाकटा उठला, टेबलाखाली शिरला आणि वही ओढून बाहेर काढली. टेबल एका बाजूला झुकलं. कप बशीत खणखणले. सून म्हणाली, बाबा, अहो काय करताय. धाकट्याने वहीवरची धूळ हाताने पुसली, खिशातून घडी मोडायची हाडाची पट्टी काढली आणि ती वही मुलासमोर धरली.

"ही कोरी नाहीये. मी तुमच्या हातात देऊन पळालो, ते चुकलं माझं. आमच्यात पान उघडून दाखवतात."

आणि त्याने पहिली घडी फोडली. कागद चरचरला. उभा राहूनच तो वाचायला लागला. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की पुटपुटत खाली बसणारा माझा भाऊ, तो त्या दिवशी एकेक घडी फोडत, एकेक पान वाचत गेला, आणि त्याचा आवाज मला पहिल्यांदा वडिलांसारखा वाटला. मला एचआयव्ही आहे. औषध चालू आहे. ज्यांना कळवायला हवं होतं त्यांना मी कळवलं आहे. तुम्हाला कळवणं गरजेचं नव्हतं, पण तुम्ही मला ओळखता, तर पूर्ण ओळखावं असं मला वाटलं. मधली कोरी जोडी आली तेव्हा तो थांबला, पाणी प्यायला, पुढे वाचू लागला.

आता कोणी काय केलं, ते जसं झालं तसं सांगते. चिंगीने कपाकडे हात नेला आणि सुनेने तो कप उचलला. विचार करून नव्हे. हात आपोआप गेला. सगळ्यांनी पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं, आणि त्याचं वाचन एका शब्दावर अडलं. सुनेने हातातल्या कपाकडे पाहिलं, जणू तो तिथे कोणी आणून ठेवला हे तिला समजत नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. मला तर माझी फळी आठवली. कप कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं, म्हणून मीच तोंड उघडलं. म्हटलं, मी तर कारखान्यातला त्याचा कप दोनदा विसळला होता, वर वीतभर लांबही ठेवला होता. तू निदान हातात तरी धरला आहेस. ती रडता रडता हसली. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, काउंटरवर बसल्यासारखे एकामागून एक, नेमके. चिंगीचं काय, जेवणाचं काय, तुम्हाला थकवा येतो का, गोळी किती वाजता, जन्मभर घ्यायची का. पाच प्रश्न, पाच उत्तरं. सहावा चिरंजीवाने विचारला. हे आलं कुठून?

"त्याचं पान मी लिहिलेलं नाही," धाकटा म्हणाला. "आणि लिहिणारही नाही."

सुनेने कप चिंगीसमोर ठेवला. चिंगीने चहा संपवला, मिशा पुसल्या आणि गेली.

ती गेल्यावर धाकट्याने वहीत नसलेलं एक सांगितलं: समोरच्या चष्मेवाल्यांना आणि मला एकमेकांची सोबत आहे. मग चिरंजीवाचा बांध फुटला. आजाराबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पहिलं म्हणजे, चष्मेवाल्या? आमच्या शाळेपासूनच्या चष्मेवाल्या? बाबा, मला तिथून नंबर काढून आणायला पाठवायचात, ते यासाठी? धाकटा म्हणाला, तेव्हा नाही रे, तेव्हा खरंच तुझे डोळे खराब होते. दुसरं म्हणजे, सात रविवार तुम्ही इथे येऊन जेवून गेलात, आम्हाला सगळं कळलंय असं समजून, आणि मी काय करत होतो? तो खाली वाकला आणि टेबलाचा तो आखूड पाय हाताने धरून बसला.

"कुठल्या दवाखान्यात जाता?" त्याने तिथूनच विचारलं.

धाकट्याने सांगितलं.

"त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे." तो उठलाच नाही. "इतके महिने तुम्ही माझ्या लिफ्टमधून वर-खाली करताय."

"तिसऱ्या मजल्याला बोटभर खाली थांबते," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे. करायचं राहिलंय."

"लोक अडखळतात. आजारी माणसं येतात तिथे."

"करतो म्हटलं ना, बाबा."

एवढंच. मिठी वगैरे आमच्या घराण्यात कोणाला जमलेली नाही. चिरंजीवाने हत्यारांची पेटी आणली, टेबल उलटं केलं, आणि चार वर्षं आखूड असलेल्या पायाला खाली लाकडी टाच बसवली. धाकटा विजेरी धरून त्याच्या शेजारी जमिनीवर बसला होता, आणि माप कुठे चुकतंय ते सांगत होता, आणि चिरंजीव ते ऐकून घेत होता. हे शेवटचं मी खास नोंदवते, कारण वयाच्या चौदाव्या वर्षानंतर ते घडलं नव्हतं. सुनेने वही घेतली, पंधरावं पान परत वाचलं, आणि कपाटात अकरा वह्यांच्या ओळीत ठेवायला गेली. मग विचार बदलून ती तिने आपल्या उशीजवळच्या कप्प्यात ठेवली. त्या घरात त्या दिवशी वस्तूला नवी जागा मिळाली.

पुढच्या रविवारी चष्मेवालीही जेवायला आली. चिरंजीवाने तिला वाकून नमस्कार केला आणि वर बघितलंच नाही. ती म्हणाली, नंबर वाढलेला दिसतोय, दुकानात ये.

सहा महिन्यांच्या तपासणीला मी धाकट्याबरोबर गेले. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला थांबली, दार उघडलं. धाकट्याने सवयीने पाय उंच उचलला, आणि तिथे पायरीच नव्हती; पाय दाणकन आपटला, तोल जाता जाता मी दंड धरला. तो खाली बघत राहिला. मग चक्क वाकला. लिफ्टची जमीन आणि मजल्याची फरशी जिथे जुळते तिथे त्याने तळहात फिरवला, पुस्तकाच्या पाठीवरून फिरवतो तसा, एकदा इकडून, एकदा तिकडून. मागे चार माणसं खोळंबली होती. मी त्यांना सांगितलं, दोन मिनिटं थांबा, तपासणी चालू आहे.

आत डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुढे केला आणि हसून म्हणाल्या, बघा, आता सापडत नाही इतकं खाली आलंय. औषध असंच चालू ठेवा.

धाकट्याने अहवाल घेतला, घडी घालून खिशात ठेवला. घडी अगदी मधोमध.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही लिफ्ट बघितलीत का? माझ्या मुलाने केली."